बेळगावहून पहिल्या विपश्यना शिबिराला जाताना : अर्जापासून परतीच्या बसपर्यंत

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील मराठी घरांना साधनेचे वावडे कधीच नव्हते. एका घरात सायंकाळी हरिपाठ चालतो, पलीकडच्या घरात बसवण्णांची वचने म्हटली जातात, आणि दोन गल्ल्या ओलांडल्या की जैन बस्तीत, म्हणजे मंदिरात, चातुर्मासाचे प्रवचन सुरू असते. तरीसुद्धा ‘मी दहा दिवस मौन धरून बसायला जाणार आहे’ असे कोणी म्हटले की घरात पहिली शंका येते ती, याचे काही बिनसले तर नाही ना, ही. आणि दुसरी, हा धर्म तर बदलणार नाही ना, ही. मी बेळगावातल्या शहापुरात राहतो, हिशेबनिसाचे काम करतो, आमचे घर वारकरी आहे, आणि आजवर विपश्यनेची तीन दहा दिवसीय शिबिरे मी केली आहेत. पहिल्या वेळी अर्ज भरण्यापासून बस पकडण्यापर्यंत जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर माझी काही ना काही चूक झाली. शिबिराच्या आतली व्यवस्था इतकी नेटकी असते की तेथे नवख्याला फारसे काही ठरवावेच लागत नाही. गोंधळ होतो तो शिबिराच्या आधी आणि नंतर. म्हणून या लेखात त्या दोन्ही बाजूंना अधिक जागा दिली आहे.

१. आपण काय शिकायला जात आहोत, हे आधी समजून घ्यावे

येथे ज्या शिबिरांविषयी लिहिले आहे ती सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतील आहेत. गोएंकाजींचा जन्म १९२४ साली ब्रह्मदेशातील मंडाले येथे एका मारवाडी हिंदू कुटुंबात झाला. तीव्र डोकेदुखीवर उपाय शोधता शोधता ते १९५५ साली रंगून येथे सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे पोहोचले. ऊ बा खिन हे स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले महालेखापाल होते आणि कचेरीचे काम सांभाळून साधना शिकवीत असत. मी स्वतः हिशेबाच्या कामातला असल्यामुळे या एका गोष्टीने मला जितका धीर दिला तितका कोणत्याही प्रवचनाने दिला नाही. १९६९ साली गोएंकाजी भारतात आले, त्याच वर्षी मुंबईत त्यांचे येथील पहिले शिबिर झाले, आणि पुढे इगतपुरी येथे धम्मगिरी हे केंद्र उभे राहिले. २०१३ साली त्यांचे निधन झाले. आज शिबिरांत त्यांच्याच आवाजातील ध्वनिमुद्रित सूचना व प्रवचने ऐकवली जातात, आणि प्रत्यक्ष मार्गदर्शनासाठी साहाय्यक आचार्य उपस्थित असतात.

शिक्षणाचे तीन भाग आहेत : शील, समाधी आणि प्रज्ञा. शील म्हणजे दहा दिवस पाळायचे पाच नियम, ते असे : हत्या न करणे, चोरी न करणे, ब्रह्मचर्य पाळणे, खोटे न बोलणे आणि नशा न करणे. समाधीसाठी पहिले साडेतीन दिवस आनापान शिकवतात, म्हणजे नैसर्गिकपणे आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या श्वासाकडे नाकपुड्यांच्या परिसरात लक्ष ठेवणे. प्रज्ञेसाठी चौथ्या दिवशी दुपारी विपश्यना दिली जाते; तिच्यात डोक्यापासून पायापर्यंत क्रमाने लक्ष फिरवून, शरीरावर जे काही जाणवते ते समतेने पाहायचे असते.

येथे मराठी माणसासाठी एक खास सापळा आहे आणि तो भाषेचा आहे. प्रवचनात पाली शब्द येतात, ते ओळखीचे वाटतात, आणि म्हणूनच फसवतात. मराठीत ‘वेदना’ म्हणजे दुखणे. पालीत मात्र सुखद, दुःखद किंवा दोन्ही नसलेली अशी कोणतीही जाणीव म्हणजे वेदना. त्यामुळे ‘वेदना पाहा’ असे ऐकल्यावर पहिल्या शिबिरात मी दोन दिवस केवळ गुडघ्याचे दुखणे शोधत बसलो, आणि कपाळावरची साधी खाज, कानाच्या पाळीवरची ऊब, अंगरख्याचा स्पर्श या सगळ्या वेदनाच आहेत हे माझ्या लक्षातच आले नाही. ‘संस्कार’ हा आपल्याकडे चांगला शब्द आहे, घरच्या वळणाला आपण संस्कार म्हणतो. पालीतील संखार म्हणजे मनाने आंधळेपणाने केलेल्या प्रतिक्रियांचा साठा. ‘उपेक्षा’ म्हणजे आपल्यासाठी दुर्लक्ष. पालीतील उपेक्खा म्हणजे जाणीव पूर्ण असतानाही तोल न ढळणे. हे तीन शब्द घरून निघण्यापूर्वीच मनात नीट बसवले, तर तुमचे दोन-तीन दिवस वाचतील.

या साधनेचा गाभाही याच शब्दांत आहे. बुद्धांच्या प्रतीत्यसमुत्पादाच्या, म्हणजे एकातून दुसरे कसे निर्माण होते हे सांगणाऱ्या, साखळीत ‘वेदनापच्चया तण्हा’ अशी एक कडी आहे : वेदनेमुळे तृष्णा निर्माण होते. हवेसे वाटले की मन चिकटते, नकोसे वाटले की मन झटकते, आणि हे इतक्या वेगाने घडते की आपल्याला फक्त शेवटचा राग किंवा लोभ दिसतो. विपश्यना ही साखळी वेदनेच्या जागी पकडायला शिकवते, कारण तेथेच ती तोडता येते. खाज उठते, वाढते, ओसरते. तिला न खाजवता पाहिले की तिचे अनित्यत्व, म्हणजे अनिच्च, पुस्तकातून नव्हे तर अंगावरून कळते.

२. घरच्यांशी आधीच आणि सविस्तर बोलावे

धर्मांतराची शंका घरच्यांना येणारच, तेव्हा ती हसण्यावारी नेऊ नये. या शिबिरात कोणतीही दीक्षा, नामांतर किंवा विधी नसतो, आणि साधक आपापल्या धर्मात राहूनच साधना करतात. सुरुवातीला त्रिशरण (बुद्ध, धम्म व संघ यांना शरण जाणे) व वर सांगितलेले पंचशील म्हणवून घेतात. त्याचा अर्थ काय, हे प्रवचनात समजावून सांगितले जाते. स्वतः गोएंकाजींनाही पहिल्या शिबिराआधी आपला हिंदू धर्म सुटेल की काय, अशी भीती वाटली होती आणि ती त्यांनी मोकळेपणाने सांगितलेली आहे. माझ्या आईला बाकी कोणत्याही युक्तिवादापेक्षा हीच गोष्ट पटली.

वारकरी घरातून जाणाऱ्यांसाठी यापेक्षा अवघड प्रश्न वेगळाच आहे. शिबिराच्या दहा दिवसांत जप, पूजा, पोथी, उपवास, प्राणायाम, इतर कोणतेही ध्यान, हे सर्व थांबवावे लागते. हा नियम श्रद्धेच्या विरोधात नसून, ज्या पद्धतीची परीक्षा घ्यायला आलो आहोत तिच्यात दुसरे काही मिसळू नये यासाठी आहे. नामाने मन लवकर एकाग्र होते हे ही परंपरा नाकारत नाही. तिचे म्हणणे इतकेच की, श्वासाला नाम जोडले की लक्ष नामावर राहते आणि शरीरात आपोआप चाललेले जे पाहायचे आहे ते त्याखाली झाकले जाते. प्राणायामाचेही तसेच. नाथपंथी योगात, ज्याचे वर्णन ज्ञानेश्वर माउलींनी सहाव्या अध्यायात केले आहे, प्राणाला वळण लावले जाते. आनापानात श्वासाला हात लावायचा नसतो, तो उथळ असेल तर उथळ, खोल असेल तर खोल, एवढेच जाणायचे असते.

ज्यांच्या तोंडात लहानपणापासून ‘रामकृष्णहरी’ बसले आहे त्यांचा जप आपोआप सुरू होतो, आणि मग आपण नियम मोडला म्हणून मन खाऊ लागते. त्याच्याशी झुंजू नये. लक्षात आले की पुन्हा श्वासावर यावे, बस. एकादशी मध्ये येत असेल तर आधीच विचार करावा, कारण तेथे उपवासाची परवानगी नसते. आषाढी-कार्तिकी टाळून तारीख घेणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे. गळ्यात तुळशीची माळ असेल तर ती काढावी लागेल का, हे केंद्राच्या व्यवस्थापकांना आधीच फोनवर विचारून घ्यावे. नोंदणीच्या रांगेत उभे राहून हा निर्णय घ्यायची वेळ येऊ देऊ नये.

घरच्यांना आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगावी : दहा दिवस तुमचा फोन बंद असेल. तातडीचे काही घडले तर केंद्राच्या कार्यालयात निरोप द्यावा, तो तुमच्यापर्यंत पोहोचतो. हा क्रमांक कागदावर लिहून स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर चिकटवावा.

३. केंद्र आणि तारीख निवडावी

सीमाभागातील आपल्यासारख्यांना सर्वांत जवळचे सोयीचे केंद्र कोल्हापूर जिल्ह्यातील धम्मालय होय. ते हातकणंगले तालुक्यात आळते गावाजवळ, रामलिंगच्या बाजूला आहे. ज्यांचे शिक्षण कन्नड माध्यमात झाले आहे आणि ज्यांना कन्नडमधून ऐकणे सोपे जाते, त्यांनी बेंगळुरूजवळील धम्म पफुल्ल या केंद्राचाही विचार करावा. पहिल्या शिबिरासाठी इगतपुरीलाच जायला हवे, असा काहींचा आग्रह असतो. त्यात अर्थ नाही, कारण शिकवण आणि वेळापत्रक सर्वत्र एकच असते.

‘दहा दिवस’ या शब्दाने फसू नये. आदल्या दिवशी दुपारी नोंदणी होते आणि अकराव्या दिवशी सकाळी शिबिर संपते, म्हणजे घरापासून एकूण बारा दिवस लागतात. मी दहाच दिवसांची रजा टाकली होती आणि ऐन वेळी दोन दिवसांसाठी साहेबांपुढे उभे राहावे लागले. महाराष्ट्र शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांना विपश्यनेसाठी रजेची सवलत दिलेली आहे, हे वाचून आपल्याकडचे काही सरकारी नोकर तेच गृहीत धरतात. आपण कर्नाटकात आहोत, तेव्हा आपल्या खात्यातच चौकशी करावी. शेतकऱ्यांनी उसाची तोड आणि भाताची रोप लावणी सोडून तारीख निवडावी, नाहीतर डोळे मिटले की फड दिसतो.

४. अर्ज खरा भरावा

अर्ज परंपरेच्या अधिकृत संकेतस्थळावरून ऑनलाइन भरता येतो. तारखा बऱ्याच आधी खुल्या होतात आणि जागा लवकर भरतात. स्त्रिया व पुरुषांच्या जागा वेगवेगळ्या मोजल्या जातात, त्यामुळे पतीला जागा मिळाली आणि पत्नी प्रतीक्षायादीत राहिली, असे घडू शकते. स्वीकृतीचे पत्र आल्यावर आणि पुढे पुन्हा विचारणा झाल्यावर ‘मी नक्की येत आहे’ असे कळवावे लागते. ते न कळवल्यास जागा दुसऱ्याला जाऊ शकते. ई-मेल तपासण्याची सवय नसेल तर मुलांना किंवा भाच्यांना तेवढे काम सोपवावे.

आरोग्याच्या रकान्यांत काहीही लपवू नये. मी पाठदुखी लिहिली नव्हती, का तर अर्ज फेटाळतील. तिसऱ्या दिवशी पाठ धरली तेव्हा मला आचार्यांपुढे जाऊन ते सांगावे लागले, आणि खुर्ची मिळाली. आधी लिहिले असते तर पहिल्या दिवसापासून मिळाली असती. मानसिक आजाराबाबत तर विशेष काळजी घ्यावी. ज्यांच्यावर गंभीर मानसिक आजाराचे उपचार चालू आहेत किंवा पूर्वी झाले आहेत त्यांनी ते स्पष्ट लिहावे आणि आपल्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पुढे जाऊ नये. दहा दिवसांचे मौन व दिवसाला दहा तासांहून अधिक बैठक हे सर्वांना झेपणारे औषध नव्हे. चालू असलेली कोणतीही गोळी ‘तेथे बरे वाटेल’ या आशेवर बंद करू नये. गर्भवती स्त्रियांनी तसे लिहावे. मासिक पाळीची अडचण मात्र येथे मानली जात नाही. आपल्याकडच्या अनेक मुली हा प्रश्न विचारायला संकोचतात म्हणून मुद्दाम लिहिले.

भाषेच्या रकान्यात अभिमानाने नव्हे तर व्यवहाराने उत्तर द्यावे. सीमाभागातील आपला हा हळवा विषय आहे हे मला कळते, पण प्रवचन रोज सव्वा तास चालते आणि ते समजले नाही तर दुसऱ्या दिवशीची साधना आंधळी होते. ज्या भाषेत तुम्ही मनातल्या मनात भांडता ती भाषा लिहावी.

शिबिराला शुल्क नाही. राहणे, जेवण, शिकवण, कशाचेच नाही. कोणी ‘विपश्यना’ या नावाखाली आगाऊ पैसे मागत असेल तर ते या परंपरेचे शिबिर नव्हे. येथे देणगी फक्त किमान एक शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच घेतली जाते, आणि तीही शिबिर संपताना, ऐच्छिक. तुमचा खर्च आधीच्या कोणा अनोळखी साधकाने केलेला असतो.

५. शरीराची आणि सवयींची तयारी महिनाभर आधी करावी

निपाणी भाग तंबाखूचा. आपल्याकडे पानाची चंची, विडी, गुटखा आणि बायकांची मिश्री यांना कोणी नशा म्हणत नाही, पण पाचव्या शीलात हे सर्व येते. तेथे चोरून खाण्याची सोय नसते आणि ती शोधूही नये. मिश्रीची सवय असलेल्या आमच्या एका नात्यातल्या काकू दुसऱ्या दिवशी डोके धरून बसल्या आणि त्यांनी ते साधनेचे कष्ट समजून सोसले. प्रत्यक्षात तो तंबाखू सुटल्याचा त्रास होता. दोघांची सरमिसळ होऊ नये म्हणून निदान तीन-चार आठवडे आधीपासून सवय कमी करत न्यावी. तीच गोष्ट चहाची; तेथे सकाळ-संध्याकाळ चहा मिळतो, पण दर दोन तासांनी मिळत नाही.

जेवण साधे, शाकाहारी आणि दिवसातून दोनदा असते. शेवटचे पूर्ण जेवण सकाळी अकराला. संध्याकाळी पाच वाजता नव्या साधकांना चहा, फळ आणि चुरमुरे असे काही मिळते. जुन्या साधकांना, म्हणजे आधी एखादे शिबिर पूर्ण केलेल्यांना, लिंबूपाण्यावर भागवावे लागते. ज्या घरात रात्री साडेनऊला भाकरी थापली जाते तेथून येणाऱ्यांनी आधी आठवडाभर रात्रीचे जेवण हलके करावे. पहाटे चारला उठण्याची सवयही याच काळात लावावी. रोज वीस मिनिटे जमिनीवर मांडी घालून बसावे. अधिक काही करण्याची गरज नाही. विशेषतः चित्रफिती पाहून ध्यानाची पूर्वतयारी करू नये, कारण ती तेथे गेल्यावर विसरावी लागते.

६. पिशवी भरताना

कागदपत्रे : आधारकार्ड मूळ व एक झेरॉक्स, स्वीकृतीच्या पत्राची छापील प्रत, आणि औषधे चालू असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी. आधारवरील नाव आणि अर्जातील नाव सारखे असावे. आपल्या कार्डांवर कन्नड व इंग्रजी मजकूर असतो आणि आडनावांच्या लेखनाचे दोन-तीन प्रकार होतात, तेव्हा अर्जात कार्डावर आहे तसेच लिहावे.

वस्तू : सैल, साधे, अंग झाकणारे कपडे, स्त्रियांसाठी ओढणी किंवा शाल, विजेरी, गजराचे घड्याळ, कुलूप, छत्री, पाण्याची बाटली, मच्छरांसाठी मलम, बारा दिवस पुरतील इतकी औषधे. चादर, अभ्रा वगैरे आणायचे की नाही, ते पत्रात पाहावे. कपडे धुण्याचा साबण आठवणीने घ्यावा. आवाज करणाऱ्या चपला, खळखळणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि वाजणाऱ्या बांगड्या घरी ठेवाव्यात. शंभर माणसे मौनात बसलेली असताना एका पिशवीचा आवाज किती मोठा होतो, हे तेथेच कळते.

फोन नोंदणीच्या वेळी जमा करावा लागतो. वही, पेन, पुस्तक, पोथी, खाण्याचे डबे नेऊ नयेत. पहिल्या वेळी मी खोलीतील सोबत्यांसाठी कुंदा, ही बेळगावची मिठाई, घेऊन गेलो होतो. तो कार्यालयात जमा झाला.

७. प्रवास

बेळगाव ते कोल्हापूर हा महामार्गावरील सुमारे ११० किलोमीटरचा रस्ता आहे. कोल्हापूरहून हातकणंगले आणि तेथून आळते असे जावे, किंवा रेल्वेने मिरजेपर्यंत जाऊन मिरज-कोल्हापूर मार्गावरील हातकणंगले स्थानकावर उतरावे. शेवटचे काही किलोमीटर रिक्षाचे आहेत.

स्त्रियांसाठी एक व्यावहारिक सूचना. कर्नाटकातील शक्ती योजनेचा मोफत प्रवास राज्याबाहेर जाणाऱ्या बसला लागू होत नाही. थेट कोल्हापूरच्या बसमध्ये बसून आधारकार्ड पुढे केले तर तिकीट काढावेच लागते. निपाणीपर्यंत राज्यातल्या साध्या बसने जावे आणि पुढे महाराष्ट्राच्या एसटीने, जिच्यात महाराष्ट्राच्या हद्दीत स्त्रियांना अर्धे तिकीट आहे. वेळ थोडा अधिक लागतो, पैसे वाचतात.

दुसरी सूचना सर्वांसाठी आहे आणि ती आपल्या भागातला माणूसच देऊ शकेल. १ नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या, आसपास, किंवा सीमाप्रश्न तापलेला असताना, दोन्ही राज्यांच्या बसगाड्या अचानक थांबतात. नोंदणीचा दिवस अशा दिवसांत येत असेल तर एक दिवस आधी निघून कोल्हापुरात नातेवाइकांकडे मुक्काम करावा, किंवा रेल्वेने जावे. सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर अडकलेल्या बसमध्ये बसून समता राखणे हा सरावाचा भाग असेलही, पण उशिरा पोहोचल्यास प्रवेश मिळण्याची खात्री नसते.

८. दहा दिवस

पहाटे चारला घंटा होते आणि रात्री साडेनऊला दिवे मालवतात. साडेचार ते साडेसहा पहिली बैठक, त्यानंतर न्याहारी. सकाळी आठ, दुपारी अडीच आणि संध्याकाळी सहा या वेळी प्रत्येकी एक तासाची सामूहिक साधना धम्महॉलमध्ये होते आणि तिला सर्वांनी हजर राहायचे असते. संध्याकाळी सात वाजता प्रवचन. मौनाला आर्य मौन म्हणतात. बोलणे तर नाहीच, खुणा आणि नजरानजरही नाही. मात्र साधनेच्या अडचणी दुपारी बारा ते एक या वेळात आचार्यांना विचारता येतात आणि राहण्या-जेवण्याच्या अडचणी धम्मसेवकांना, म्हणजे शिबिरात सेवा देणाऱ्या जुन्या साधकांना. मौन म्हणजे त्रास गिळणे नव्हे. ताप आला, अंथरूण ओले झाले, पोट बिघडले, तर लगेच सांगावे.

दुसरा आणि सहावा दिवस अवघड जातो, असे तेथेही सांगतात. माझा दुसरा दिवस ठीक गेला आणि सहावा फार वाईट. चौथ्या दिवसापासून सामूहिक साधनेत अधिष्ठान सुरू होते, म्हणजे तासभर हात, पाय आणि डोळे न उघडण्याचा निश्चय. नवखे साधक याला परीक्षा समजतात. मीही समजलो, दात खाऊन बसलो, आणि घंटा होताच विजय मिळवल्यासारखे शेजाऱ्याकडे पाहिले. हे अधिष्ठान नव्हे, हट्ट. पाय हलवावाच लागला तर हलवावा आणि पुढच्या वेळी थोडे अधिक थांबावे.

सर्वांत मोठा सापळा याच्या उलट बाजूला आहे. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर कोणाला सर्वांगात सूक्ष्म तरंगांचा प्रवाह जाणवतो, आणि त्याला वाटते की आपण पोहोचलो. दुसऱ्या दिवशी तो प्रवाह जातो, जडपणा येतो, आणि माणूस खचतो. प्रवाह हवा असणे ही तृष्णा आणि जडपणा नको असणे हा द्वेष. म्हणजे जी साखळी तोडायला आलो तिच्याच दोन कड्या आपण नव्याने घडवतो. प्रवचनात हे रोज सांगितले जाते, आणि तरीही प्रत्येक जण त्यात पडतो. मी पडलो, तीनही वेळा पडलो. म्हणून आपली प्रगती जाणिवेच्या गोडीवर मोजू नये; जाणीव कशीही असो, तिच्यापुढे मन किती कमी उसळले, एवढेच पाहावे.

मध्येच निघून जावेसे वाटले तर आचार्यांकडे जाऊन तसे सांगावे, गुपचूप पिशवी भरू नये. बहुतेक वेळा ती लाट एका बैठकीत ओसरते.

दहाव्या दिवशी सकाळी मंगल मैत्री, म्हणजे सर्वांविषयी सद्भावना बाळगण्याची साधना, शिकवतात आणि त्यानंतर मौन सुटते. तेव्हा सगळे एकदम बोलू लागतात आणि घसा बसतो. पहिला फोन घरी करावा, आणि तोही थोडक्यात.

९. परतल्यावर

शिबिर संपल्याच्या दिवशीच कामावर रुजू होऊ नये. एक दिवस मोकळा ठेवावा. कोल्हापूरच्या बसस्थानकातील गोंगाट अंगावर येतो, तसे होणे स्वाभाविक आहे. घरी पोहोचताच जेवताना सर्वांना अनित्यत्व समजावून सांगू नये. मी सांगितले होते. बायको म्हणाली, “मौन बरं होतं की ओ.”

रोज सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसावे, अशी सूचना असते. खरे सांगायचे तर माझी संध्याकाळची बैठक पहिल्या शिबिरानंतर तीन आठवड्यांत सुटली, कारण तीच आमच्या घरात हरिपाठाची वेळ आहे. दुसऱ्या शिबिरानंतर मी संध्याकाळची साधना हरिपाठानंतर, जेवणाआधी ठेवली आणि ती टिकली. दोन्ही एकाच वेळी करू नये. हरिपाठाच्या वेळी हरिपाठ आणि बैठकीच्या वेळी बैठक. घरात स्वतंत्र खोली नसेल तर पहाटेची वेळ हाच उपाय आहे, कारण पहाटे साडेचारला शहापुरातही कोणी दार वाजवत नाही. गावात जुने साधक असतील तर आठवड्यातून एकदा त्यांच्यासोबत बसावे. दोन माणसे जमली तरी सामूहिक साधना होते. जवळ कोण आहे, याची चौकशी केंद्रावर निघण्याआधीच करावी.

शिबिराची तारीख, केंद्राचे नाव आणि साहाय्यक आचार्यांचे नाव घरी आल्यावर लगेच एका वहीत लिहून ठेवावे. पुढे एक दिवसीय शिबिर, दुसरे दहा दिवसीय शिबिर किंवा धम्मसेवा यांसाठी अर्ज करताना जुन्या साधकाला पहिल्या व शेवटच्या शिबिराचा तपशील विचारतात, आणि दोन वर्षांनी तो आठवत नाही. माझ्या दुसऱ्या अर्जाच्या वेळी ती तारीख मला शेवटी रजेच्या नोंदवहीत सापडली.